सोलापुरातल्या टॉवेल कारखान्यात टेप ऑटोलोडर बसवला : कोटेशनपासून लॉकरपर्यंत

ज्यांच्या ऑफिसात दोन-तीन सर्व्हर आहेत, आयटी बघायला एकच माणूस आहे आणि बॅकअप म्हणजे संध्याकाळी कुणीतरी यूएसबी डिस्क काढून दुसरी लावायची, अशा लोकांसाठी हे लिहितोय. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टेरी टॉवेलच्या कारखान्यात सिस्टिम सांभाळतो. ऑटोलोडर घ्यायचा विषय निघाला तेव्हा माहिती भरपूर मिळाली, पण सगळी मोठ्या डेटा सेंटरवाल्यांची. आपल्यासारख्या ठिकाणी कोटेशन कसं मागवायचं, मालकांना काय सांगायचं, मशीन कुठं ठेवायचं हे कुणी सांगत नव्हतं. म्हणून क्रमानं सगळं लिहितो, थोडं लांबेल.

विषय निघाला ऑडिटमुळं. सप्टेंबर २०२३ मध्ये सीएंची टीम आली आणि त्यांनी बॅकअपचं रजिस्टर मागितलं. कंपनी कायद्याप्रमाणं हिशेबाची पुस्तकं आठ आर्थिक वर्षं जपायची असतात, आणि ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीनंतर कॉम्प्युटरवरच्या हिशेबाचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोजच्या रोज घ्यायचा आहे. आमच्याकडं रोजचा बॅकअप दुसऱ्या सर्व्हरवर जात होता, तो प्रश्न नव्हता. प्रश्न होता बाहेर नेऊन ठेवायच्या कॉपीचा. ती यूएसबी डिस्कवर व्हायची आणि रजिस्टर बघितलं तर दिवाळीत खाडा, गड्ड्याच्या जत्रेत खाडा, स्टोअरचा पोरगा रजेवर असला की खाडा. ज्या ज्या ठिकाणी माणसाचा हात लागत होता तिथंच साखळी तुटत होती, आणि त्यात कुणा एकाचा दोष काढण्यात अर्थ नव्हता कारण रोज संध्याकाळी साडेसहाला न चुकता डिस्क बदलणं हे कुणाचं मूळ कामच नव्हतं.

ऑटोलोडर म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. रॅकमध्ये बसणारी चपटी पेटी असते, आत एक टेप ड्राइव्ह, आठ-नऊ टेपांचे कप्पे आणि टेप कप्प्यातनं काढून ड्राइव्हमध्ये घालणारा छोटा रोबोट. सॉफ्टवेअरनं सांगितलं की आज पाच नंबरची टेप पाहिजे, की तो बारकोड वाचून तीच उचलतो. टेप म्हणजे तळहाताएवढी चौकोनी कार्ट्रिज, दोन सेंटीमीटर जाड, आत अर्धा इंच रुंदीची फीत. एलटीओ ही अशा टेपांची जात, पुढचा आकडा तिची पिढी; एलटीओ-८ च्या एका कार्ट्रिजमध्ये ही फीत ९६० मीटर असते आणि त्यावर १२ टीबी मावतं.

मालकांशी बोलणं झालं ते दसऱ्याच्या आधी. त्यांचा पहिला प्रश्न सरळ होता, "क्लाऊडवर टाका की सगळं, हे कॅसेटचं काय काढलंय आता?" प्रश्न रास्त होता म्हणून मी कागदावर हिशेब करून दाखवला. आमचा डेटा साधारण ७ टीबी, ईआरपी (हिशेब-स्टॉकचं सॉफ्टवेअर), मेल आणि जेकार्डच्या डिझाइनच्या फायली धरून. आमची लाइन ५० एमबीपीएसची. पूर्ण लाइन फक्त ह्याच कामाला दिली तरी एक पूर्ण बॅकअप वर जायला तेरा दिवस लागतात, आणि उद्या सगळं गेलं तर खाली आणायला पुन्हा तेवढेच. तेरा दिवस डिस्पॅच बंद म्हणजे काय हे मालकांना मी समजावून सांगायची गरज नव्हती. दुसरी गोष्ट सांगितली ती अशी की फायली कुलूपबंद करून पैसे मागणारा व्हायरस नेटवर्कवर दिसणाऱ्या बॅकअपलाही हात घालतो, कपाटात ठेवलेल्या टेपपर्यंत तो पोचू शकत नाही. ते म्हणाले, "कोटेशनं आणा, अण्णांना दाखवा." अण्णा म्हणजे आमचे अकाउंट्सचे प्रमुख, त्यांच्या सहीशिवाय आमच्याकडं पेनसुद्धा खरेदी होत नाही.

तीन कोटेशनं मागवली. एक सोलापुरातलंच, दोन पुण्याची. आकडे गोल करून सांगतो म्हणजे अंदाज येईल : एलटीओ-८ ड्राइव्हसकट आठ कप्प्यांचा ऑटोलोडर साडेचार लाखांच्या घरात, एक टेप साडेसहा हजारांच्या आसपास, वर १८ टक्के जीएसटी. जीएसटीचं क्रेडिट मिळतं हे अण्णांनी लगेच टिपून घेतलं. कोटेशन वाचताना तीन गोष्टींकडं नीट बघा, ह्यावरच पुढचं सगळं अवलंबून आहे.

पहिली म्हणजे सॅस कार्ड. ऑटोलोडर सर्व्हरला सॅस जातीच्या केबलनं जोडतात, त्यासाठी साधं एचबीए, म्हणजे फक्त जोडणीपुरतं, कार्ड लागतं. सर्व्हरमध्ये अनेक हार्ड डिस्क एकत्र चालवणाऱ्या रेड (RAID) कार्डाला टेप जोडणं बहुतेक कंपन्या सपोर्ट करत नाहीत. तीनपैकी दोन कोटेशनांत हे कार्डच नव्हतं, केबलही नव्हती. विचारल्यावर "ते नंतर बघू सर" असं उत्तर आलं. नंतर नाही, पीओमध्येच (खरेदीच्या ऑर्डरमध्ये) लिहून घ्या. केबलची दोन्ही टोकं सारखी नसतात, आमच्याकडं कार्डाच्या बाजूला ८६४४ आणि मशीनच्या बाजूला ८०८८ जातीचा कनेक्टर होता. कार्ड-केबल मिळून वीस-बावीस हजार वाढले.

दुसरी म्हणजे टेपच्या खोक्यावरचा मोठा आकडा. एलटीओ-८ वर ३० टीबी लिहिलेलं असतं, ते अडीच पट कॉम्प्रेशन धरून. आमचे डेटाबेसचे डम्प (पूर्ण प्रती) आधीच दाबलेले, डिझाइनच्या इमेजही तशाच, ते आणखी काही दबत नाहीत. हिशेब १२ वरच करा.

तिसरी म्हणजे पिढी. एलटीओ-९ तेव्हा बाजारात होती, १८ टीबीची, पण ड्राइव्ह महाग पडत होता आणि एलटीओ-९ ची नवी टेप पहिल्यांदा घातली की ड्राइव्ह तिचं कॅलिब्रेशन करतो, म्हणजे स्वतःला त्या टेपशी जुळवून घेतो, त्यात दोन तासांपर्यंत वेळ जाऊ शकतो. आम्हाला ७ टीबीसाठी तेवढं नको होतं. एलटीओ-८ चा ड्राइव्ह सातच्या आणि आठच्या टेप वाचतो-लिहितो, सहाची वाचत नाही. आठ वर्षं टेप जपायची असेल तर आठ वर्षांनी ती वाचणारा ड्राइव्ह कुठनं आणणार हा विचार आत्ताच करावा लागतो. २०२५ मध्ये आलेल्या एलटीओ-१० चा ड्राइव्ह तर मागच्या कुठल्याच पिढीची टेप वाचत नाही. म्हणून आम्ही फाइलवर लिहूनच ठेवलंय की पुढं मशीन बदललं तरी हा ड्राइव्ह भंगारात द्यायचा नाही.

पीओ निघायला डिसेंबर उजाडला. डिलिव्हरी सहा ते आठ आठवडे सांगितली होती, प्रत्यक्षात मशीन मार्चच्या शेवटी आलं. मधे फोन केला की "पोर्टवर आहे" हे एकच उत्तर. ह्या काळात चिडचिड होते, कारण वरून रोज विचारणा आणि खालून काहीच कळत नाही. मी त्या वेळात जागा तयार केली आणि ते फार उपयोगी पडलं.

टॉवेल कारखान्यात हवेत कायम रुई उडत असते. शेडमध्ये तासभर ठेवलेल्या खोक्यावर बोट फिरवलं तर पांढरा थर हाताला येतो. आमची जुनी सर्व्हर रूम कटिंग-शिलाईला लागून होती, तिथल्या स्विचच्या पंख्यांत रुईच्या अक्षरशः वाती वळलेल्या मी काढल्यात. टेप ड्राइव्हचं हेड फितीला घासून चालतं, तिथं असला कचरा चालत नाही. त्यामुळं अॅडमिन बिल्डिंगच्या पहिल्या मजल्यावरची रेकॉर्ड रूम मागून घेतली, खिडकी सील केली, दाराला आतनं दुसरं दार केलं, दीड टनाचे दोन एसी लावले जे आलटून पालटून चालतात, आणि एसीचा फिल्टर दर सोमवारी धुवायचा हे हाउसकीपिंगच्या यादीत घातलं. मशीनला ३५ अंशांच्या वर चालवायचं नाही असं त्याच्या पुस्तकातच आहे आणि आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये बाहेर ४३ असतं, त्यामुळं दुसरा एसी म्हणजे चैन नाही हे मालकांना एका वाक्यात पटलं.

एप्रिल २०२४ च्या पहिल्या आठवड्यात इंजिनीअर आला. पुण्याहून संध्याकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं येऊन लॉजवर राहिला आणि सकाळी नऊला कारखान्यात हजर. मुलगा शांत आणि जाणकार होता. त्यानं आधी खोकं न उघडता विचारलं, "टेपा इथं कधीपासून आहेत?" ट्रान्सपोर्टच्या उन्हातनं आलेल्या टेपा वापरायच्या आधी चोवीस तास तरी त्याच खोलीत ठेवाव्या लागतात, तापमान सारखं व्हायला. त्या आदल्या आठवड्यातच ठेवल्या होत्या. मग त्यानं मशीनवरचा शिपिंग लॉक काढला. प्रवासात रोबोट हलू नये म्हणून हा लॉक असतो, तो न काढता चालू केलं तर रोबोट अडकतो. काढलेला लॉक टाकून देऊ नका, मशीन परत पाठवायची वेळ आली तर लागतो.

जोडल्यावर सर्व्हरवर दोन गोष्टी दिसायला पाहिजेत, एक टेप ड्राइव्ह आणि एक चेंजर, म्हणजे टेप बदलणारा रोबोट. एकाच केबलवर दोन्ही येतात, ड्राइव्ह लन शून्यवर आणि चेंजर लन एकवर; लन म्हणजे एकाच जोडणीवरच्या उपकरणाचा नंबर. फक्त ड्राइव्ह दिसला आणि चेंजर दिसला नाही तर मशीन बिघडलंय असं समजू नका, कार्डाच्या सेटिंगमध्ये एकाहून जास्त लन चालू आहेत का ते बघा. आमचा बॅकअप सर्व्हर लिनक्सवर आहे, तिथं एमटीएक्स नावाची छोटी कमांड आहे, तिचा स्टेटस मारला की आठही कप्प्यांची यादी येते. ती यादी पहिल्यांदा स्क्रीनवर आली, प्रत्येक कप्प्यापुढं भरलेला की रिकामा आणि पुढं टेपचा बारकोड, तेव्हा खरंच बरं वाटलं. मग लोडची कमांड दिली आणि आतनं रोबोटचा घर्र आवाज, थांबला, खट्ट, आणि ड्राइव्हनं टेप आत ओढून घेतली. अण्णा मुद्दाम बघायला वर आले होते, म्हणाले, "परत करून दाखव."

बारकोडबद्दल एक सांगतो. टेपला लागणाऱ्या लेबलवर सहा अक्षरं आणि पुढं पिढीची खूण असते, एलटीओ-८ ला एल८. हे लेबल घरच्या प्रिंटरवर काढायच्या भानगडीत पडू नका, माप आणि चिकटपणा दोन्ही महत्त्वाचं, सुटलेलं लेबल आत अडकलं तर इंजिनीअरच लागतो. टेपांबरोबरच छापील लेबलं मागवा. आणि टेपवर पेननं, स्केचपेननं काही लिहू नका, जे लिहायचं ते रजिस्टरमध्ये.

बॅकअपचं सॉफ्टवेअर बॅरिऑस ठेवलं, ओपन सोर्स आहे, लायसन्सचा खर्च नाही, पण कॉन्फिगरेशन स्वतः शिकावं लागतं. रोज रात्री बदललेल्या फायली, शनिवारी रात्री पूर्ण बॅकअप. चार कप्पे आठवड्याच्या टेपांना, दोन रोजच्या, एक महिन्याच्या टेपला आणि शेवटचा क्लीनिंग टेपला. क्लीनिंग टेप दर आठवड्याला फिरवू नका, ड्राइव्ह स्वतः मागतो तेव्हाच. ती साधारण पन्नास वेळा चालते आणि उगाच फिरवून हेड झिजतं ते वेगळं.

पहिल्या शनिवारी एक वेगळाच अनुभव आला. ईआरपीचे मोठे डम्प सपासप गेले, तीनशे एमबी सेकंदाला. डिझाइनचं फोल्डर सुरू झालं आणि आवाज बदलला, फीत पुढं जाते, थांबते, मागं येते, परत पुढं. लाखो छोट्या फायली असल्यामुळं डिस्क तेवढ्या वेगानं डेटा देऊच शकत नव्हती आणि ड्राइव्ह एका मर्यादेखाली हळू चालू शकत नाही, तो थांबून मागं घेतो. ह्यानं वेळही जातो आणि फीत-हेड दोन्ही झिजतात. उपाय सोपा आहे, आधी सगळं एका एसएसडीवर (वेगवान डिस्कवर) गोळा करायचं आणि मग एकदम टेपवर ओतायचं, बॅरिऑसमध्ये त्याला स्पूलिंग म्हणतात. सर्व्हरच्या दर्जाची एसएसडी घ्या, रोज टीबीत लिहिणं साध्या एसएसडीला झेपत नाही. ते केल्यावर पुढच्या आठवड्यापासून आवाज एकसारखा.

मे महिन्यात वळवाच्या पावसात लाइट गेली, यूपीएसची बॅटरी जुनी होती, तिनं अर्ध्या तासात मान टाकली. बॅकअप मधेच तुटला. सकाळी बघतो तर त्या टेपला सॉफ्टवेअरनं एररमध्ये टाकलेलं, कारण टेपवरच्या फायलींची संख्या आणि त्याच्या वहीतली संख्या जुळेना. धडकी भरली होती, पण त्या टेपवरचं आधीचं सगळं वाचता येत होतं, फक्त पुढं तिच्यावर लिहायचं नाही एवढंच. यूपीएसच्या बॅटऱ्या त्याच आठवड्यात बदलून घेतल्या, आणि आता लाइट गेल्यावर बॅटरी निम्म्यावर आली की सर्व्हर स्वतः जॉब थांबवून बंद होतो.

वही म्हणालो ती म्हणजे कॅटलॉग. कुठली फाइल कुठल्या टेपवर कुठं आहे हे सगळं त्या डेटाबेसमध्ये असतं. सर्व्हरच जळाला आणि कॅटलॉग त्यातच होता तर टेपा हातात असून प्रत्येक टेप सुरुवातीपासून वाचत बसावी लागते, त्यात दिवस जातात. म्हणून कॅटलॉगचा बॅकअप रोज सगळ्यात शेवटी टेपवर जातो आणि त्याची एक कॉपी वेगळ्या मेलवर जाते. आम्ही टेपचं एनक्रिप्शनही, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही असं लिहिणं, चालू केलंय, ड्राइव्हमध्येच ते होतं, त्याची किल्ली छापून सीलबंद पाकिटात मालकांच्या घरच्या तिजोरीत. टेपा जिथं आहेत तिथं किल्ली ठेवायची नाही.

जूनमध्ये रिस्टोअर करून बघितलं. हे करायचंच हे मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो आणि मालकांनी त्यासाठी एक जुना सर्व्हर मोकळा करून दिला. अकाउंट्सच्या मॅडमना सांगितलं, तुम्हाला पाहिजे ती तारीख सांगा. त्यांनी मे महिन्यातला एक शनिवार सांगितला. टेप लागली, एक-दीड मिनिटात ड्राइव्ह नेमक्या जागी पोचला आणि डेटाबेस उतरायला लागला. संध्याकाळी ईआरपी त्या जुन्या सर्व्हरवर उघडलं. मॅडमनी त्या दिवशीचा छापील ट्रायल बॅलन्स सोबत आणला होता, एकेका ओळीवर पट्टी ठेवून जुळवत गेल्या, सुताचा स्टॉक, देणेकरी, बँक. शेवटच्या ओळीला पोचल्यावर पट्टी उचलून म्हणाल्या, "पैशापर्यंत जुळलं बघा." त्या कागदावर त्यांची सही घेऊन फाइलला लावली. सप्टेंबरच्या ऑडिटला सीएंनी सगळ्यात आधी तोच कागद बघितला. आता दर तिमाहीला करतो.

एक गोष्ट लक्षात ठेवा, ऑटोलोडरच्या आत असलेली टेप पूर्ण सुरक्षित नसते. सर्व्हरचा ताबा ज्याच्या हातात गेला तो रोबोटला सांगून आतल्या सगळ्या टेपा पुसू शकतो. बाहेर काढून, लिहायची खिट्टी बंद करून, दुसऱ्या इमारतीत गेलेली टेपच खरी. त्यामुळं सोमवारी सकाळी आठवड्याची टेप निघते आणि आमच्या हॉटगी रोडच्या गोडाऊन ऑफिसात लोखंडी कपाटात जाते. त्यासाठी रिटर्नेबल गेटपास करावा लागतो, तीन प्रतीत. सुरुवातीला गेटवरचे मामा प्रत्येक वेळी पेटी उघडायला लावायचे, मग गेटपासवर बारकोड नंबर लिहायला लागलो, आता ते नंबर जुळवतात आणि सोडतात. उलट मामांच्या रजिस्टरमुळं टेप कधी गेली, कधी आली ह्याची दुसरी नोंद आपोआप तयार झाली. न्यायला-आणायला कड्यांचा प्लॅस्टिकचा डबा घेतलाय, टेप उभी राहते, उन्हात गाडीच्या डिकीत ठेवायची नाही हे ड्रायव्हरना सांगून ठेवलंय.

वर्षाची टेप मात्र बँकेच्या लॉकरमध्ये, ऑडिट पूर्ण झाल्यावर. कंपनीच्या नावावर लॉकर घ्यायचा तर बोर्डाचा ठराव लागतो, कोण चालवणार त्यांची नावं, केवायसी, स्टॅम्प पेपरवर करार. बँकेनं ठरावाचा मसुदा स्वतःच्या नमुन्यातच पाहिजे म्हणून एकदा परत पाठवला, तेव्हा आधी बँकेत जाऊन नमुना घ्या आणि मग ठराव करा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणं आग, चोरी झाली तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंतच असते, त्यामुळं लॉकरमधली टेप ही एकमेव प्रत असू नये, आम्ही दोन काढतो, दुसरी गोडाऊनच्या कपाटात. लांब मुदतीसाठी टेपला १६ ते २५ अंश तापमान लागतं. आमच्या शाखेतली लॉकर रूम तळघरात आहे, मेमध्येही गार असते, मी थर्मामीटर नेऊन बघितलं. टेपा सगळ्यात लहान लॉकरमध्येही आरामात बसतात, मोठा घ्यायला सांगितलं तरी घेऊ नका.

लॉकर उघडायला अण्णा आणि मालक दोघांपैकी एकाची सही चालते, पण मालक बहुतेक वेळा बाहेरगावी असतात. म्हणून अण्णांची रजा कधी आहे ते आधी विचारतो आणि वर्षाची टेप त्याच्या आदल्या आठवड्यात नेऊन ठेवतो.